रिंगा बसेपर्यंत पाचशे किलोमीटर

धाराशिव जिल्ह्याच्या एका टोकाला आमचं परंडा आणि दुसऱ्या टोकाला माकणी. मधला रस्ता मी आजवर एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून, निम्मा झोपेत काढलेला. अणदूरच्या पुढं तर कधी गेलोच नव्हतो. गेल्या महिन्यात मात्र हा सगळा जिल्हा मी डोळे उघडे ठेवून पाहिला, तोही ताशी चाळीस-पन्नासच्या वेगानं, वडिलांच्या मोटारसायकलवर बसून. गाडी जुनी, पण इंजिन आतून कोरं. त्या इंजिनाला पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवत रुळवायचं होतं. ज्यांनी असा प्रवास केला नसेल त्यांना एवढंच सांगतो, की आपलाच मुलूख नव्यानं बघायला यापेक्षा चांगलं निमित्त मला तरी माहीत नाही.

परंडा

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि धाराशिवच्या एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं. गावोगाव जायचं, शेतातल्या मातीचे नमुने पिशव्यांत भरायचे आणि आणून द्यायचे. अट एकच होती: सोमवारी सकाळी स्वतःच्या चालू दुचाकीसह हजर व्हायचं. गाडी नसेल तर यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावू, असं त्यांनी फोनवर सरळ सांगितलं होतं.

गाडी होती. वडिलांनी सतरा वर्षं तिच्यावर दुधाच्या किटल्या वाहिल्या होत्या. पण आता ती निळा धूर सोडायची आणि चढाला उतरून ढकलावी लागायची. कादरचाचांनी तिचं इंजिन पूर्ण उघडलं. आमच्या स्टँडजवळ त्यांचं लहानसं गॅरेज आहे. क्रँकपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळं नवं घातलं, ब्लॉकला बोअर मारून, म्हणजे पिस्टनचं भोक घासून मोठं करून, नवा पिस्टन आणि रिंगा बसवल्या. वडिलांनी हे पारावर कौतुकानं सांगितलं, “पोराच्या गाडीला बोअर मारला,” तर शेजारचे अण्णा म्हणाले, “पाणी किती इंच लागलं?”

मंगळवारी संध्याकाळी ऑइल घ्यायला गेलो. चाचा सोबत होते. मी इंटरनेटवर बरंच वाचून गेलो होतो.

“सिंथेटिक द्या,” मी दुकानदाराला रुबाबात म्हणालो.

“नक्को!” चाचा मागून ओरडले. “ते लई निसरडं. नव्या रिंगांना आत भिताडाला घासूनच आपली जागा करावी लागती. पैलवानाला तेल चोपडून आखाड्यात सोडला तर पकड कशी बसंल? साधं मिनरल घे, वीस-चाळीस ग्रेडचं. पाचशेला ते काढून फेकू. मंग तुझं भारीतलं घाल.”

मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून मोटारीचं तेल घातलं तर क्लच घसरतो. हे मला ठाऊक होतं. डबा मोटारसायकलचाच निघाला. चाचांनी माझ्या वाचनाकडं पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, “शिकल्यालं हाय ते. दवाखान्यातल्या बाटलीवानी वाचून घेतंय.”

मग त्यांनी नियम सांगितले. साठच्या वर जायचं नाही. एकाच वेगात धरायचं नाही, मूठ पिळायची आणि सोडायची. चढावर वरच्या गिअरमध्ये रखडवायची नाही. पहिल्या दिवशी पंचवीस किलोमीटरला थांबून गार होऊ द्यायची. डबल सीट नाही. आणि रविवारी संध्याकाळी पाचशे करून त्यांच्या दारात आणायची.

“ध्यानात ठेव,” चाचा म्हणाले, “रिंगा बसायला पायजेत. इंजन बसायला नक्को.”

भूम ते धाराशिव

बुधवारी सकाळी निघालो. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. जुना खडखडाट नव्हता. आवाज घट्ट होता, नव्या जोड्यासारखा करकरीत. दर पंचवीस किलोमीटरला थांबायचं असल्यामुळं एरवी जे दिसत नाही ते दिसत गेलं. भूमच्या अलीकडं एका खव्याच्या भट्टीपाशी थांबलो. मोठ्या कढईत दूध आटत होतं आणि भट्टीवाला उलथनं थांबवायला तयार नव्हता. बोलतानाही त्याचा हात फिरत राहिला.

“गाडी तापली व्हय?”

“तापलेली नाही. नवं इंजिन आहे, विश्रांती देतोय.”

“आमाला कोन देतंय विश्रांती,” तो म्हणाला आणि कढईच्या कडेचा गरम खवा पळसाच्या पानावर ठेवून माझ्यापुढं केला. साखर नसलेला, किंचित धुरकट. आमच्या परंड्यातही खवा मिळतो, पण भट्टीवरून उतरण्याआधी कोणी हातावर ठेवलेला मी तरी खाल्ला नव्हता.

पुढं बालाघाटाचा डोंगर लागला. तिसरा गिअर, मग दुसरा, मग माथ्यावर पोचल्यावर सोडून दिलेला उतार. दोन्ही बाजूंना पोटरीत आलेली ज्वारी, बांधाकडेला करडईचे काटेरी पट्टे आणि त्यांच्यावर नुकती उमलायला लागलेली पिवळी बोंडं. मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं गात होतो.

संध्याकाळी धाराशिवला मित्राच्या खोलीवर मुक्काम केला. गाडीवर एकशे दहा किलोमीटर झाले होते.

तुळजापूरचा रस्ता

दुसऱ्या दिवशीचा रस्ता रुंद आणि गुळगुळीत. मला सगळ्यांनी मागं टाकलं. ट्रक, जीप, शाळेच्या मुलींच्या स्कूट्या, आणि शेवटी कडब्याचा भारा लादलेली एक मोपेड. तिच्यावरचे आजोबा माझ्या बरोबरीनं येऊन म्हणाले, “पोरा, पेट्रोल संपायलंय व्हय?”

“नाही आजोबा, गाडी रनिंगला आहे!”

“मग पळव की! रनिंग म्हंजी पळनंच न्हवं का?” असं म्हणून ते भाऱ्यासकट निघूनही गेले. भाऱ्याचे धांडे माझ्या हेल्मेटला घासून गेले.

तुळजापुरात देवीच्या पायरीशी गाडी उभी करून लांबूनच हात जोडले. नळदुर्ग ओलांडून अणदूरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं.

अणदूर

अणदूरला माझी मावशी असते. दहावीनंतर आमच्याकडं शास्त्र शाखेची सोय मनासारखी नव्हती, तेव्हा तिनं मला दोन वर्षं घरी ठेवून घेतलं. पहाटे उठून भाकरी करायची, डबा भरायची, आणि मी पाठ करत असलो की टीव्ही बंद करून बसायची. मी आज जो काही आहे तो निम्मा तिच्या भाकरीवर आहे. म्हणून इंजिन रुळवण्याचा रस्ता मी तिच्या दारावरूनच काढला होता.

“आलं माझं लेकरू!” असं म्हणत तिनं गाडीला हळद-कुंकू लावलं, भाकर-तुकडा ओवाळून टाकला. काका, म्हणजे तिचे यजमान, शेतातून आले आणि गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, “आवाज तर चांगलाय. दम किती हाय ते कळंल.”

मला काय काय दाखवू असं झालं होतं. मी मावशीला हात धरून खाली बसवलं, इंजिनाच्या बाजूचं काळं झाकण फिरवून काढलं आणि त्याच्या टोकाला लागलेलं तेल दाखवलं. “हे बघ मावशी, इथून ऑइल घालतात. कसं सोन्यासारखं दिसतंय ना?”

“हितनं व्हय?” ती म्हणाली आणि नीट वाकून पाहिलं.

रात्री हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि करडईच्या कोवळ्या पानांची भाजी. आमच्याकडं ही भाजी ताक घालून करतात, मावशी डाळ घालते. कुठली चांगली यावर आमचं नेहमीसारखं भांडण झालं आणि नेहमीसारखा मी हरलो.

शुक्रवारी सकाळी माकणीला निघालो. सोमवारपासून माझ्याकडं जी गावं येणार होती, त्यांतलं ते पहिलं. तिथली माती आधी डोळ्यांनी पाहावी, असं मनात होतं. थंडी होती, गाडी छान चालली होती. तीन-चार किलोमीटर गेलो असेन, तोच भज्यांचा वास आला. ताज्या, गरम भज्यांचा. मला वाटलं, रस्त्याकडेला कुणी कढई टाकली असेल. पुढं गेलो तरी वास सोबत. एका चहाच्या टपरीपाशी वेग कमी केला, तर टपरीवाला बाहेर येऊन नाक वर करून म्हणाला, “पाव्हणं, गाडी चालवताय का तळताय?”

खाली उतरून पाहिलं. तेलाच्या काळ्या झाकणावर हळदी-कुंकवाची बोटं. झाकणाखालून एक पिवळसर ओघळ गरम इंजिनावर आला होता आणि तिथं बारीक बुडबुडे फुटत होते. बोट लावून वास घेतला. करडईचं तेल. झाकण काढून पाहिलं, तर तेल खुणेच्या बोटभर वर.

मग सगळं एकदम ध्यानात आलं. माझ्या आईच्या माहेरी एक रीत आहे. नवी बैलगाडी घेतली की ती ज्या नातेवाइकांच्या दारी पहिल्यांदा जाते, त्या घरची बाई आपल्या घरचं तेल चाकाच्या आसाला घालते. गाडी आपल्या घरचं खाऊन पुढं जाते, असा त्याचा अर्थ. मावशीनं रीत पाळली होती. तेल कुठं घालतात, हे तर मीच तिला दाखवलं होतं.

दुसरं कुठलं तेल असतं तर मी इतका घाबरलो नसतो. पण करडईचं तेल हवेशी आणि उष्णतेशी गाठ पडली की सुकतं, घट्ट होतं, चिकटतं. रंग आणि वार्निश करायला ते त्यासाठीच वापरतात. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. तेच तेल आता माझ्या कोऱ्या रिंगांच्या खाचांत शिरत होतं आणि आज शुक्रवार होता.

चाचांना फोन लावला. सगळं ऐकून ते इतका वेळ हसले की मला रडू यायचं बाकी राहिलं.

“एरंडेल असतं तर म्या काय बोललो न्हवतो,” ते शेवटी म्हणाले. “पूर्वी शर्यतीच्या गाड्यांत घालायचे. पण करडी? नक्को रे बाबा. इंजन गरम हाय ना? गरमच असताना काढ. थंड झालं तर खाली बसंल. जास्त पिळू नको, निवांत परत जा. दुसरं ऑइल घालून पाच मिनटं नुसती चालव, तेबी काढ, ऑइलची जाळी धू, मग आपलं वीस-चाळीस घाल. घाबरू नको. आजून काय बिघडलं न्हाय.”

“आणि बिघडलं असेल तर?”

“तर रविवारी कळंल.”

परत अणदूर

गावाच्या तोंडाशी ऑइलचं दुकान होतं. दुकानदारानं मोटारीचं सिंथेटिक पुढं केलं. “ऑइल ते ऑइल, दादा. ह्ये तर भारीतलं हाय.” मी डबा फिरवून वाचला; घर्षण कमी करणारं, इंधन वाचवणारं. माझा क्लच यात घसरला असता. मी नाही म्हणालो. मग ट्रॅक्टरचं साधं ऑइल दिसलं. धुऊन काढायला ते चालेल, असं चाचांनी फोनवर सांगितलं. आणि बराच शोध घेतल्यावर फळीच्या मागं मोटारसायकलच्या वीस-चाळीसचा एकच डबा सापडला. त्यावर इतकी धूळ होती की आधी पुसून मगच अक्षरं वाचता आली. तो डबा मी छातीशी धरून आणला.

दारात गाडी लावली तशी मावशी बाहेर आली. “का रं? काय इसरलं?”

“काही नाही. ऑइल बदलायचं होतं, ते राहिलं.”

मी काकांकडून सतरा नंबरचा पाना आणि जुनं घमेलं मागून घेतलं. इंजिनाच्या बुडाचा बोल्ट काढला, गरम तेल घमेल्यात पडू लागलं. मावशी शेजारी उकिडवी बसली होती. तिनं वाकून वास घेतला.

“काल तर भरल्यालं दाखवलंस,” ती म्हणाली. “सोन्यावानी हाय म्हनलास.”

“ते... लवकर खराब होतं.”

“माझ्याशी खोटं बोलायलास?”

काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, ते म्हणाले, “म्या सांगितलं व्हतं तुला, इचारून घाल.”

“तुमी गप बसा. दोन पळ्या घातल्या म्या. जास्त न्हाय.” मग माझ्याकडं वळून, “नासली व्हय रं गाडी?”

तिच्या आवाजात भीती होती. तिला सोमवार माहीत होता. मी म्हणालो, “मावशी, तसं काही नाही, तुला ते समजायला जरा...”

“काय समजायला?” ती एकदम उसळली. “मुडद्या, दोन वर्सं हितं बसून घोकत व्हतास. एक दिस तरी सांगितलंस का, काय शिकायलास ते? म्या टीव्ही बंद करून बसायची. भिताडाशी बोलल्यावानी बोलायचास. आता तरी सांग की. काय हुतंय माझ्या तेलानं?”

खरंच, कधीच सांगितलं नव्हतं. तिला कळणार नाही असं मी ठरवून टाकलं होतं, आणि तिला कधी विचारलंही नव्हतं.

तेल ठिबकत होतं तोवर मी जमिनीवर काडीनं रेघा काढून सांगत गेलो. हा पिस्टन, हा वर-खाली जातो. ह्या त्याच्या रिंगा, बांगड्यांसारख्या, एका जागी कापलेल्या. त्या सैल फिरल्या पाहिजेत. करडईच्या तेलाचे कण एकेकटे असतात, पण तापले आणि हवा लागली की एकमेकांचे हात धरतात आणि त्यांची साखळी होते. मग तेल पातळ राहत नाही.

“म्हंजी तळनाच्या कढईला भाईरनं बसतंय तसं?” मावशी म्हणाली. “पिवळं, चिकाट. राखंनं घासलं तरी जात न्हाय.”

“तेच! अगदी तेच!”

“आन् त्ये रिंगांच्या फटीत बसलं तर रिंगा फिरायच्या न्हाईत.”

“हो.”

“मग धूर निघंल.”

मी काडी खाली ठेवली. हे मी तिला सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतः पुढं जाऊन सांगितलं. आमच्या कॉलेजात याला पंधरा मिनिटं लागली असती.

“कढई ताजी असती तवर गरम पान्यानं निघतं,” ती उठली. “वाळल्यावर न्हाय. चला, हात चालवा. काका, नरसाळं काढा.” आपल्या नवऱ्याला ती मुलांच्या तोंडचं ‘काका’ म्हणाली की समजायचं, कामाची घाई आहे.

ट्रॅक्टरचं ऑइल तिनं स्वतः नरसाळ्यातून ओतलं. पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली, पुन्हा काढलं. दुसऱ्या खेपेचं तेल तिनं दोन बोटांत घासून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, “करडी गेली.” मी जाळी धुतली, बोल्ट आवळला, धुळकट डब्यातलं वीस-चाळीस भरलं. बरोबर खुणेपर्यंत.

मावशी तरी तिथंच घुटमळत होती. काकांना ते कळलं. त्यांनी मागच्या चाकाच्या मधल्या नटावर बोट ठेवलं. “ह्यो आस हाय बघ गाडीचा. तुझी रीत हितं कर. ह्येला काय व्हत न्हाय. काय रं?”

“काही होत नाही,” मी म्हणालो.

तिनं पळी आणली. नटावर एक थेंब सोडला आणि पदरानं आजूबाजूचं पुसून काढलं.

माकणी

शनिवारी उजाडताच निघालो. नळदुर्ग, जळकोट, मग लोहाऱ्याचा रस्ता. नजर पुढं कमी आणि आरशात, मागं धूर दिसतो का याकडं जास्त. थंडीत निघणाऱ्या पांढऱ्या वाफेलाही मी दोनदा घाबरून थांबलो. उन्हं वर आली तशी वाफ गेली आणि मागं काहीच दिसेना. मी पिळत गेलो, सोडत गेलो, चाळीस, पंचावन्न, तीस, पुन्हा पन्नास. लोहाऱ्याच्या पुढं एका लांब चढावर मी सवयीनं गिअर उतरवायला पाय उचलला आणि थांबलो. गाडी न कुरकुरता चढत होती. आवाजातली करकर गेली होती. मी पुन्हा गायला लागलो.

माकणीला धरणाचं पाणी दूरवर पसरलेलं. काठाच्या शेतातला एक शेतकरी हरभऱ्याचे डहाळे उपटत होता. त्यानं मला बांधावर बसवलं, ओले घाटे सोलून दिले. मी सोमवारपासून माती घ्यायला येणार म्हटल्यावर त्यानं ढेकूळ उचललं, माझ्या तळहातावर फोडलं. काळी, ओलसर, लगेच बोटांना धरणारी. “सांगा आमाला बी, काय निघतं त्ये,” तो म्हणाला. “नुसता कागुद देऊन जाऊ नका.” मी म्हणालो, बसून सांगेन. हे म्हणताना मला कोणी आठवण करून द्यायची गरज पडली नाही.

तो दिवस आजूबाजूची गावं फिरण्यात गेला. संध्याकाळी धाराशिवला आलो.

पुन्हा परंडा

रविवारी दुपारी चाचांच्या दारात गाडी लावली तेव्हा पाचशेला सात बाकी होते. चाचांनी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं आणि मला पिळायला सांगितलं. फडकं बघितलं. मग प्लग खोलला. वडील दुधाची किटली खाली ठेवून उभे राहिले होते.

चाचांनी प्लग उन्हात धरला, एकदा फिरवला आणि माझ्या हातात दिला. टोक कोरडं होतं, भाजलेल्या विटेच्या रंगाचं. काळेपणा नाही, तेलकटपणा नाही, म्हणजे आत तेल जळत नव्हतं.

“जा उद्या नोकरीला,” ते म्हणाले. “रिंगा बसल्या.”

वडिलांनी सीटवरची धूळ हातानं झटकली.

मी बाजूला जाऊन मावशीला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

“मावशी, प्लग विटकरी निघाला!”

ती म्हणाली, “चांगलं का वाईट? प्लग म्हंजी काय आन् विटकरीच का पायजे, नीट सांग. म्या गॅस बंद करून आली.”

मी गॅरेजच्या पायरीवर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.